चोवीस साखरेच्या बाटल्या

माझ्या डोक्यात भांगाच्या डावीकडे एक खाच आहे. बोट ठेवून बघा हवं तर. तिच्यात वाटाणा ठेवला तर अख्खी रविवारची प्रार्थना होईपर्यंत घरंगळत नाही. मी करून बघितलंय, पाद्रीबुवा खवळले होते. ही खाच पडताना जो आवाज झाला ना, तो साऱ्या अमेरिकेनं ऐकलाय. पण बघितलं कुणीच नाही. म्हणून सांगते.

चौऱ्याऐंशी साल. डेट्रॉईटला लागून हॅमट्रॅमिकमध्ये माझा बार होता, नवरा गेल्यापासून मी एकटीच चालवायचे. गिऱ्हाईक सगळं आपलंच पोलिश, गाड्यांच्या कारखान्यातलं. हातोड्याच्या आवाजानं अर्धे बहिरे झालेले, आणि बायकोचं ऐकायला लागू नये म्हणून उरलेले अर्धे. मारामाऱ्या रोजच्याच. पण माझ्याकडे त्याला कायदा होता.

काउंटरवर माझ्या आईचं मोठं सूपाचं भांडं असायचं. ज्याला मारामारी करायचीय त्यानं आपली कवळी, चष्मा, घड्याळ, जे काही फुटण्यासारखं असेल ते त्यात टाकायचं. ज्याचं काही भांड्यात पडलं, त्याला खुशाल हाणा. ज्याचं नाही पडलं, त्याच्या केसाला हात लावायचा नाही, मग तो तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करो. आणि मी भांड्यावर ओगराळं वाजवलं की संपलं. एकदा बोलेकनं झिगमुंटला डोक्याच्या वर आडवा उचलला होता. मी ओगराळं वाजवलं, तर त्यानं त्याला उतरवून खुर्चीत नीट बसवला आणि त्याची कॉलर सारखी केली.

बोलेक भट्टीवरचा माणूस, इतका रुंद की माझ्या दारातून आडवा व्हायचा तेव्हा आत यायचा. झिगमुंट त्याचा मेहुणा, वाळक्या काठीसारखा. बोलेकच्या लग्नात तो केकवर बसला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. जे काय बोलायचं ते बुक्क्यांनी.

आणि माझी हालिना. पोरीनं वरचा सूर लावला की बरणीतल्या काकड्या रांगेत उभ्या राहायच्या. त्या हिवाळ्यात कारखान्यानं अर्ध्या गल्लीला घरी पाठवलं, त्यात तीही आली. मग तिनं गाणं केलं, कारखान्याचा भोंगा वाजायचा बंद झाला त्यावर. डेट्रॉईटच्या रेडिओवर दोनदा लागलं. पण तेव्हा नुसत्या रेडिओनं भागत नव्हतं. केबलवर ते नवं चॅनल आलं होतं, चोवीस तास गाणी दाखवणारं. पोरं त्याच्यापुढे अशी हात जोडून बसायची की देवापुढे बसली असती तर गल्लीत चाळीस संत झाले असते. गाणं आता कुणी ऐकत नव्हतं, बघत होतं. रेकॉर्ड कंपनीनं हालिनाला सांगितलं, या आठवड्यात गाण्याची फिल्म झाली तर रेकॉर्ड निघेल, नाहीतर विसरा.

"एकतीस वर्षांची झाले, आई," ती म्हणाली. "परत कुणी विचारणार नाही मला."

मंगळवारी सकाळी कॅलिफोर्नियाहून डेन्टन नावाचा डिरेक्टर आला. घरात काळा चष्मा, डोक्यावर मेंढीसारखे केस. त्याची कल्पना अशी, की हालिना काउंटरवर उभी राहून गाणार आणि तिच्याभोवती सगळा बार एकमेकांची डोकी फोडणार. कॅमेरा कुठंही थांबायचा नाही. तीन मिनिटं चाळीस सेकंद, एकाच दमात. आणि एकदाच. कारण डोक्यावर फोडायच्या बाटल्या साखरेच्या होत्या, चोवीसच, विमानानं आणलेल्या. फुटल्या की संपल्या.

"साखरेच्या?" मी विचारलं.

"दिसतात काचेसारख्या, मॅडम. डोक्यावर मारल्या तर गुदगुल्या होतात."

त्यानं खोका काउंटरवर ठेवला आणि सगळी माणसं न्याहारीला गेली.

आता तुम्हीच सांगा. बाटल्यांवर खोक्यातल्या भुशाची ही एवढी धूळ. माझ्या काउंटरवर, माझ्या बारमध्ये, टीव्हीवर दिसणार! उद्या शिकागोची माझी नणंद फोन करून म्हणेल, स्टेफानिया, बाटल्या तरी पुसायच्यास. मी सिंक गरम पाण्यानं भरलं, साबण टाकला, आणि चोवीसच्या चोवीस आत बुडवल्या.

पहिली उचलली तर तिची मानच माझ्या हातात आली. दुसरी उचलली तर मानही नाही. हात घालून ढवळलं तर नुसता पाक! माझी बोटं एकमेकांना अशी चिकटली की जेवताना काटा धरायला आठवडाभर बहीण येत होती. सिंकखालच्या गटारातल्या उंदरांना मधुमेह झाला, ते मी स्वतः बघितलंय.

काय करणार? हालिनाला सांगितलं असतं तर डेन्टन सामान बांधून निघाला असता. मी मागच्या खोलीत गेले, खऱ्या चोवीस बाटल्या काढल्या, चकचकीत पुसल्या आणि खोक्यात रचल्या. म्हटलं, यांची डोकी मला ठाऊक आहेत. बोलेकच्या डोक्यावर एकदा बिलियर्डचं टेबल पडलं होतं, टेबल दुरुस्त करायला लागलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद काढतील. माझ्या पोरीसाठी काढतील.

दहा वाजता सगळे जमले. डेन्टननं सोबत रस्टी नावाचा पडण्यात पटाईत माणूस आणला होता. त्यानं समजावलं, "दादांनो, एकच लक्षात ठेवा. हात आखडायचा नाही. आखडलेला हात कॅमेऱ्यात दिसतो. पूर्ण ताकदीनं मारायचं, मनात काहीही न ठेवता."

"याच्या डोक्यात?" बोलेकनं झिगमुंटकडे बोट दाखवलं.

"त्याच्याच."

"मनात काही न ठेवता?"

"अजिबात नाही."

बोलेकचे डोळे पाणावले. "या कॅलिफोर्नियाच्या लोकांना उगाच नावं ठेवतात," तो म्हणाला, आणि कवळी काढून भांड्यात टाकली. मागून रांग लागली. खळ, खळ, खळ. भांडं गच्च भरलं.

हालिना काउंटरवर चढली. लाल जाकीट, केस हे एवढे फुगवलेले. तिनं स्वतः खाली वाकून एकेकाच्या हातात बाटली दिली. भिंतीएवढ्या स्पीकरमधून तिचं गाणं सुरू झालं आणि कॅमेरा फिरायला लागला.

पहिली बाटली बोलेकनं मारली. जो आवाज झाला तो साखरेचा नव्हता. झिगमुंट क्षणभर तसाच उभा राहिला, कपाळावरून रक्ताची एक धार नाकाच्या शेंड्यापर्यंत आली, थबकली, आणि मग बदाबदा खाली. त्यानं जीभ काढून ती चाखली. त्याला वाटलं असेल गोड लागेल. मग त्यानं बोलेकच्या पोटात डोकं घातलं आणि दोघं सिगारेटी विकणाऱ्या मशीनमधून आरपार गेले.

त्यानंतर मग कुणाला धरबंद राहिला नाही. रस्टीच्याच जबड्यावर बाटली बसली. जबडा एकीकडे गेला, रस्टी दुसरीकडे. एकाचं नाक गालावर जाऊन झोपलं. कुणाची तरी बरगडी मोडली, सुकी फांदी मोडावी तशी, ती मला स्पीकरच्या वर ऐकू आली. एक दात उडाला तो थेट बिटाच्या सूपात. गुरुवारी सापडला, मालक अजून सापडलेला नाही. जमीन अशी लाल झाली की माणसं मारायच्या आधी घसरायला लागली, आणि घसरलेल्याच्या हातावर, फुटक्या काचेवर, दुसरी माणसं. किंकाळ्या खऱ्या होत्या. मी काउंटरच्या मागे ओगराळं घट्ट धरून उभी. वाजवलं तर सगळे थांबणार, आणि थांबले तर हालिनाचं गाणं बुडणार. एक मिनिट झालं, दोन झाली. पोरगी वर उभी राहून गातेय, रक्त तिच्या बुटांपर्यंत उडतंय, आणि तिचा एक सूर हलत नाहीये.

"अरे, काय रंग आहे रक्ताचा!" डेन्टन कॅमेऱ्यामागे नाचत होता. "कुणी आणला?"

"त्यांनी आपापला आणलाय," मी म्हटलं.

तिसरं मिनिट सरत आलं. एका माणसाच्या मनगटाची शीर उघडी पडली, तो टेबलाचं कापड त्यावर गुंडाळत होता. म्हटलं पुरे, आता वाजवते. भांड्याकडे वळले, आणि कवळ्यांच्या ढिगावर मला ती दिसली. हालिनाची कर्णफुलं. दोन्ही. माझ्या आईची, अंबरची.

कर्णफुलं भांड्यात, म्हणजे पोरीनं स्वतः मार खायचं ठरवलंय. मी डेन्टनचा दंड धरला. "शेवटी काय होतं? गाण्याच्या शेवटी काय होतं?"

"शेवटच्या ठोक्याला तो काटकुळा तिच्या डोक्यात बाटली फोडतो, मॅडम. आणि ती तशीच उभी राहते. बघाच!"

झिगमुंट काउंटरवर चढत होता. एक डोळा रक्तानं बंद, हातात शेवटची, चोविसावी बाटली. हालिना त्याच्याकडे पाठ करून उभी, डोकं ताठ, हात पसरलेले.

मी भांड्यावर ओगराळं हाणलं. एकदा, दोनदा, पाचदा! कवळ्या उड्या मारायला लागल्या, खालचे सगळे जिथल्या तिथे थांबले, पुतळे झाले. पण झिगमुंटचा डावा कान कारखान्यानं खाल्लेला आणि उजव्याला तो स्पीकर लागलेला. त्यानं बाटली उगारली. मी ओगराळं त्याच्या डोक्यावर नेम धरून फेकलं. नेम चुकला. ओगराळं गेलं ते सरळ कॅमेऱ्याच्या काचेत. मग माझ्याकडे फेकायला मी स्वतःच उरले होते. बावन्न वर्षांची होते, गुडघे गेलेले, पण काउंटरवर अशी चढले की मांजरीनं लाजावं. हालिनाला ढकललं आणि तिच्या जागी माझं डोकं आलं.

शुद्धीवर आले तेव्हा काउंटरवर आडवी होते आणि हालिना माझ्या डोक्यावर गोठलेले सॉसेज दाबून धरत होती. तिचा चेहरा माझ्या रक्तानं माखलेला. बाहेर तीन रुग्णवाहिका कोकलत होत्या.

"मध्ये कशाला आलीस?" ती ओरडली.

"बाटली खरी होती गं. सगळ्याच खऱ्या. तुझ्या साखरेच्या मी धुवून टाकल्या."

"माहितेय मला!"

"काय माहितेय?"

"आई, बारा वर्षांची असल्यापासून बाटल्या उचलतेय मी तुझ्या बारमध्ये. साखरेची बाटली हातात घेऊन मला वजन कळणार नाही? एकेक मीच तर वाटली."

"आणि झिगमुंटला पण तूच दिलीस? स्वतःसाठी?"

तिनं मान खाली घातली. "त्यातल्या त्यात हलकी बघून दिली."

मी तिच्या एक थोबाडीत दिली. झोपल्या झोपल्या जेवढी जोरात देता येते तेवढी. मग तिला छातीशी धरली आणि दोघी अशा रडलो की बोलेक म्हणाला, जखमेत मीठ जातंय, जरा तिकडे रडा.

खाली मात्र वेगळंच रडणं चाललं होतं. झिगमुंट जमिनीवर बसून कपाळ बडवत होता, होतं नव्हतं तेवढं. "स्टेफानियाताई, तुमचं भांड्यात काही नव्हतं! मी कायदा मोडला! आता मी कुठल्या तोंडानं इथं येऊ?" आणि खरंच, सगळी माणसं त्याच्यापासून दोन पावलं सरकून उभी होती. बरगड्या मोडलेली, जबडा लोंबणारी, पण सरकून.

मी केसातला कंगवा काढला. अर्धा तुटलेला, रक्तानं चिकट. हात लांब करून भांड्यात टाकला.

"सकाळपासून होता तो तिथं," मी म्हटलं. "काय रे बोलेक? बघितलास ना?"

बोलेकनं झिगमुंटकडे बघितलं. केक आठवला असावा त्याला. बराच वेळ आठवला. मग ओठ पुसले आणि त्याच्याकडे तोंड करून म्हणाला, "बघितला. पहिलाच होता तो. माझ्या दातांच्याही खाली." तेव्हा कुठं दोघांचं बोलणं सुरू झालं.

फिल्मचं काय झालं? कॅमेऱ्याची काच फुटली, पण आतली रीळ वाचली, आणि आवाज टिपणारं यंत्र चालूच राहिलं. डेन्टननं ती तशीच चॅनलला दिली. तीन मिनिटं अडतीस सेकंद मारामारी, मग बाटली वर जाते, पडदा काळा, आणि त्या काळोखात एक आवाज. बस्स. चॅनलनं ती तीन महिने दिवसातून आठ वेळा दाखवली. हालिनाची रेकॉर्ड निघाली, ती सत्तावीस शहरांत गाऊन आली, आणि प्रत्येक शहरात पोरं तिला विचारायची, शेवटी तुमच्या डोक्यात बाटली बसली का हो? ती म्हणायची, केस बघू नका माझे, गाणं ऐका.

पत्रं मात्र डेन्टनला आली. संगीतवाल्या शहाण्यांची. शेवटचा तो ठोका कुठल्या ढोलावर वाजवलाय, इतका भरीव, इतका खोल, म्हणून विचारणारी.

ठेवा बोट. हां, इथं. जोरात नको, अजून वाजतं.