खतखड्ड्यातलं जाळं

"जे सडते ते माती होते. नायलॉन सात जन्म सडत नाई," शाळेत खिचडी रांधणारी मनकर्णाबाई पोरांना सांगत होती. पोरांनी घरून आणलेली सालं, देठं, मासोळीची खवलं खतखड्ड्यात काळीभोर माती झाली होती.

उकरता उकरता पोरांतल्या दिव्यानीनं खालून जाळं ओढलं. बाईनं ते लगेच ओळखलं. तिचा नवरा मुखरू तलावात बुडाला, तेव्हा हेच जाळं त्याच्या हातात होतं, मधोमध फाटलेलं. मेलेल्याचं जाळं दुसऱ्यानं पाण्यात टाकू नये, म्हणून खड्डा भरताना तिनंच ते गुपचूप पुरलं होतं.

"बाई, हे काऊन सडलं नाई?"

बाईनं फाटलेली जागा चाचपली. ती आता विणून सांधलेली होती. गाठी मुखरूच्याच, डावखुऱ्या, आणि अजून ओल्या.