रत्नप्रभाची बदली

छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हा फायलींबरोबर कारकुनांची बिऱ्हाडंही गेली. सिंधू आणि रत्नप्रभा अशाच शेजारणी झाल्या. सिंधूचा नवरा अच्युत बदल्यांच्या टेबलावर होता. त्याच खोलीत रत्नप्रभा टायपिस्ट होती. क्वार्टरमध्ये ती एकटीच राही. नवरा नीळकंठ मुंबई राज्याच्या नोकरीत नागपुरालाच राहिला होता, एवढंच ती सांगे. पुढचं विचारलं की, "चहा टाकू का गं?" म्हणे.

सिंधू मनाने लोण्यासारखी मऊ. पण दुसऱ्याच्या घरातलं झाकण उघडून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मैत्रिणीचं भलं करायचं तर तिला विचारायचं कशाला, असं तिला खरोखरच वाटे. तिने अच्युतच्या मागे भुणभुण लावली, "नागपूरला लिहा की. दोन राज्यांतल्या अदलाबदल्या अजून चालू आहेत ना? भावोजींना इकडे आणा." अच्युत आठवडाभर टाळत राहिला, मग कंटाळून त्याने लिहिलं.

उत्तर आलं ते नेमकं हेडक्लार्क बडेबाबूंच्या हाती पडलं. भल्या माणसाने भर कचेरीत ते मोठ्यानेच वाचलं. नीळकंठ पत्नी आणि मुलासह नागपुरात राहतात, त्यांना भोपाळची बदली नको. "पत्नी? और ये बहनजी?" बडेबाबू म्हणाले. रत्नप्रभाने मान वर केली नाही. हातातलं पत्र टाइप करून संपवलं आणि मगच उठली.

संध्याकाळी सिंधू रडत तिच्याकडे गेली. "रत्ना, मला काय ठाऊक! तुझं चांगलं व्हावं म्हणून..."

"ठाऊक नव्हतं, तेच बरं होतं," रत्नप्रभा म्हणाली. "नागपुरात चार वर्षं वाड्यातल्या लोकांनी माझी कीव केली. इथे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तर आले. दोन महिने काय सुखाचे गेले गं माझे!"

तिच्या आवाजात राग नव्हता. सिंधूला तेच सोसवेना.

पंधरवड्याने रत्नप्रभाने रायपूरची बदली मागितली.

"कारण काय लिहिलंय?" सिंधूने विचारलं.

"खाजगी. साहेब म्हणाले, विचारून घ्या. मी म्हटलं, नको साहेब, तशीच मंजूर करा," अच्युत म्हणाला.

अच्युतने दुसऱ्याचं खाजगी ते खाजगीच राहू दिलं होतं. एवढंच तर सिंधूलाही करायचं होतं, आणि तेवढंच जमलं नव्हतं.