राजारामचा सुनेला

नंदाचं लग्न ठरता ठरता दोनदा मोडलं, तेव्हा वाकोल्याच्या ज्योतिष्याने गुरू कच्चा म्हणून पुष्कराज सांगितला. किंमत ऐकून तिच्या आईच्या, जानकीच्या तोंडचं पाणी पळालं. मग तिला नवऱ्याचा कटेला आठवला. राजारामची दारू सुटावी म्हणून तिनेच तो जांभळा खडा त्याच्या बोटात चढवला होता. दारू काही सुटली नाही, राजारामच सुटला.

मेलेल्याचा खडा अस्थींबरोबर पाण्यात सोडायचा, ही त्यांच्या घरची रीत. जानकीचं मन झालं नाही, तिने तो तांदळाच्या डब्यात लपवला. आता तोच घेऊन ती घाटकोपरला गाववाल्या धोंडूकडे गेली. धोंडू खडे घासायचा.

"वैनी, हो वाळूत पुरून तापवलो की जांभळो रंग जाता, पिवळो येता. मग हेकाच सुनेलो म्हणतत. पुष्कराजाचो गरीब भाऊ," धोंडू म्हणाला. "रंग बदलता, दगड तोच रवता हां. कोणाचो हा?"

"जुन्या बाजारातला," जानकीने ठोकून दिलं.

भट्टीतून खडा आला तो साजूक तुपाच्या रंगाचा. नव्या अंगठीत बसवून, गुरुवारी दुधात बुडवून नंदाने तो तर्जनीत घातला आणि उन्हात बोट फिरवत बसली. पोरीला इतकं खूश जानकीने कधी पाहिलं नव्हतं. फक्त अंगावर राहूनही खडा गारच होता. स्फटिक गारच असतो, अशी तिने मनाची समजूत घातली.

लगेच मुलुंडचं स्थळ आलं. चहा देताना नंदाने खडा कपावर दोनदा टकटक वाजवला. राजाराम ग्लास तोंडाला लावण्याआधी असंच करायचा. जानकीने घाईने तिच्या हातातला कप काढून घेऊन स्वतःच पुढे केला. पाहुण्यांना मात्र मुलगी पसंत पडली.

ते जाताच जानकी म्हणाली, "काढ गं ती अंगठी."

निघेना. बोट सुजलं होतं. जानकी मोरीतला साबण घ्यायला उठली, आणि तिला ती दुपार आठवली. राजाराम गेला तेव्हा घरात ती एकटीच होती, नंदा मामाकडे. माणसं जमायच्या आत तिने साबण लावून त्याची अंगठी ओढून काढली होती. ओढताना त्याचं बोट हललंसं वाटलं होतं. भास असेल म्हणून तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

नंदाने हात मागे घेतला.

"साबण नको," ती शांतपणे म्हणाली. "मागच्या वेळी फार दुखलं गं, जानकी."