सदरा खोटं बोलत नाही

दुकानातल्या कपड्यांच्या नंबरांवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. सॅस्काटून शहरातल्या एका दुकानात मी चौदा नंबरची, समोरच्या दुकानात अठराची. रस्ता ओलांडला म्हणून कोणी जाड होतं का? त्यामुळे पाळीने रामराम ठोकला, पोट सुटलं, दंड ओघळले, तरी मी धीर सोडला नव्हता. माझं माप वेगळं होतं. माझ्या कपाटात आईचा सदरा होता.

पांढऱ्या लिननचा, बाह्यांवर आणि छातीवर लाल-काळं भरतकाम केलेला. आईने लग्नाआधी स्वतः भरला होता. शरदातल्या गावजेवणाला, नाताळात, ईस्टरला आम्ही गायनमंडळातल्या बायका चर्चमध्ये असेच सदरे घालून उभ्या राहतो. माझ्या लग्नाच्या वेळी आई पंचावन्न वर्षांची होती. तिने सदरा धुऊन, इस्त्री करून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "चार बाळंतपणं झाली, पण हा मला बसला नाही असं कधी झालं नाही. माणूस खोटं बोलेल ल्युबा, सदरा खोटं बोलत नाही."

तेव्हापासून तो सदरा माझ्या मानगुटीवर बसला. जेवताना मी दुसऱ्यांदा पेरोगी, म्हणजे आमच्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वाढून घेतल्या की आई एवढंच म्हणायची, "सदरा." बास. त्यावर वितळलेलं लोणी असो की तळलेला कांदा, माझा काटा खाली जायचा. शेवटच्या आजारात ती लोकांची नावं विसरली, पण मी पलंगाशी वाकले की हात पुढे करून माझ्या कमरेला चिमटा घेऊन बघायची. ती गेली त्या वर्षी मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ज्या दिवशी हा सदरा मला बसणार नाही, त्या दिवसापासून मी गायनमंडळात उभी राहणार नाही." माझा नवरा ओरेस्ट आणि मुलगी कालिना, दोघांनी ऐकलं. मी बोलते तसं करते, हेही त्यांना ठाऊक होतं.

पण तो बसत राहिला. दर हिवाळ्यात व्हर्ना तो खळ घालून इस्त्रीला न्यायची आणि कागदात गुंडाळून परत आणायची. व्हर्ना माझी शाळेपासूनची मैत्रीण. अर्ध्या गावाचे कपडे तिच्या मागच्या खोलीत शिवले जातात, आणि अर्ध्या गावाची गुपितंही तिथेच. गावजेवणाला स्टेफ्का हमखास माझी बाही चाचपून म्हणायची, "अजून तस्साच बसतो गं तुला! आम्ही बघ कशा गोण्या झालोय." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. ते खरोखरच चढत होतं, हे मला कळत नव्हतं.

म्हणजे काहीच दिसत नव्हतं असं नाही. न्हाणीघरातल्या आरशावर मी टॉवेल टाकून ठेवला होता. ओरेस्टसमोर कपडे बदलणं बंद केलं होतं. तळ्यावर पोहायला जायचं सोडून सहा उन्हाळे झाले होते, आणि पोहण्याएवढं मला दुसरं काही आवडत नाही. पण सदरा डोक्यावरून खाली उतरला की वाटायचं, वर काही का साचेना, आत मी तीच आहे. एवढ्या एका गोष्टीवर माझं चाललं होतं.

यंदा कालिनाचं लग्न ठरलं, पीक काढून झाल्यावर सप्टेंबरअखेर. चर्चमध्ये ती माझाच लग्नातला पांढरा झगा घालणार होती. तो तिला एक टाकाही न घालता बसला. "चोविसाव्या वर्षीची तूच," ओरेस्ट म्हणाला. संध्याकाळी हॉलमध्ये मात्र तिला सदरा घालायचा होता, आजीचा. मी खुशीने दिला आणि इस्त्रीसाठी व्हर्नाकडे पोचवला. हार न मानता, बसत असतानाच देतेय, आईने दिला होता तसाच, याचा मला केवढा अभिमान वाटला.

शनिवारी सकाळी व्हर्नाच्या मागच्या खोलीत कालिनाने तो अंगात घातला. मी कौतुकाने बघायला पुढे झाले. सदरा तिच्या खांद्यावरून घसरला आणि दोन्ही बाजूंनी एवढा लोंबला की आत आणखी एक कालिना मावली असती.

मग कालिना हळूच म्हणाली, "मावशी, पट्ट्या उसवायच्या राहिल्या?"

हळूच म्हणाली, पण ती खोली केवढीशी.

व्हर्नाच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या. एवढा वेळ लावला की उत्तर मला आधीच मिळालं.

"तुम्ही यायच्या आत उसवणार होते," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही पुढच्या शनिवारी येणार."

मी सदरा उलटा केला. काखेपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंना, पट्टीला पट्टी जोडलेली होती. नवं लिनन चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या रंगाचं केलेलं. काम इतकं सफाईदार की कौतुकच करावं.

"कधीपासून?"

"अगं, दर हिवाळ्यात बोटभर. कधी तेवढंही नाही."

"कोणी सांगितलं तुला?"

व्हर्ना कालिनाकडे बघायला लागली, कालिना जमिनीकडे. "ओरेस्ट आला होता," व्हर्ना म्हणाली. "तू ते जेवणाच्या टेबलावर बोललीस ना, त्यानंतर. म्हणाला, ती गाणं सोडेल, मग तिच्याजवळ राहील काय? मलाही पटलं."

"आणखी कोणाकोणाला माहीत आहे?"

"गायनमंडळाच्या पहिल्या ओळीला."

मी बघतच राहिले.

"बरं, मागच्या ओळीलाही."

म्हणजे स्टेफ्का माझी बाही चाचपत होती तेव्हा तिला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मी मध्ये ताठ उभी राहून गात होते आणि दोन्ही ओळी मला लहान मुलासारखं सांभाळून घेत होत्या. हसत असतील असं नाही म्हणत. हसल्या असत्या तर बरं होतं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी कीव केली, आणि ती रांगेने उभं राहून केली.

"आई, तुला वाईट वाटू नये म्हणून," कालिना म्हणाली.

"मी जाड झाले याचं मला वाईट वाटेल, हे तुम्हा सगळ्यांना पटलं," मी म्हटलं. "तसं वाटायचं कारण नाही, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. पट्टी लावणं सोपं पडलं."

ओरेस्टशी मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "ल्युबा, माझ्या डोळ्यांना तू अजून सुंदरच दिसतेस."

"हे वाक्यही व्हर्नाकडून शिवून आणलंस का?"

तो उठून गहू बघायला गेला. त्याचं प्रेम खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याने मला आजवर जे जे चांगलं म्हटलं ते सगळं आता उलटं करून त्याची शिवण बघावीशी वाटत होती. विश्वास गेला की असं होतं. गोड शब्दसुद्धा आतून तपासावा लागतो.

व्हर्नाच्या हाताला सदरा पुन्हा लागू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उजेडात बसून मी स्वतःच पट्ट्या उसवायला घेतल्या. व्हर्नाचे टाके पांढरे, बारीक. शेवटची पट्टी निघाली आणि खाली आईच्या मूळ कापडाची कड उघडी पडली. त्या कडेने सुईच्या भोकांची एक ओळ होती. व्हर्नाच्या टाक्यांची नव्हे. ही भोकं मोठी होती, जुनी होती, आणि काखेपासून खालपर्यंत गेली होती. दुसऱ्या बाजूलाही तशीच.

उजव्या काखेत, शिवणीच्या घडीत, दोऱ्याची एक गाठ अडकून राहिली होती. दोरा काळा होता.

माझी आई उतारवयात पांढऱ्या कपड्यावरही आतून काळ्या दोऱ्याने शिवायची. पांढऱ्यावर पांढरा तिला दिसत नसे. शिवण आतच राहते, कोण बघतंय, म्हणायची. गावात असं करणारी ती एकटी.

आईनेही पट्ट्या लावल्या होत्या. चार बाळंतपणांनंतर तिलाही तो बसत नव्हता. माझ्या लग्नाआधी तिने त्या उसवल्या, धुऊन इस्त्री केली, आणि माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं की सदरा खोटं बोलत नाही. आणि नंतर वर्षानुवर्षं माझ्या ताटावर नजर ठेवली. मी उपाशी झोपले, मी आरसे झाकले, मी तळ्याचं पाणी सोडलं, ते कोणासारखं व्हायला? जी बाई कधी नव्हतीच, तिच्यासारखं. व्हर्नाचा राग परवडला. मेलेल्या आईचा राग घेऊन माणसाने जायचं कुठे?

मी सदरा घेऊन तशीच व्हर्नाकडे गेले. गाठ तिच्या नाकासमोर धरली. "हे तुला दिसलं नव्हतं?"

तिने चष्मा वर केला आणि पुन्हा खाली घेतला. "पहिल्या वर्षीच दिसलं. मला नवीन काही आखावंच लागलं नाही. तुझ्या आईच्या भोकांवरूनच शिवत गेले."

"आणि सांगितलं नाहीस."

"मेलेल्या माणसाची लक्तरं कशाला काढायची, म्हटलं."

"व्हर्ना, या एका गोष्टीने मी सुटले असते. पट्ट्यांपेक्षा ही गाठ दाखवायची होतीस."

ती खुर्ची पुढे करत होती, पण मी बसले नाही.

लग्नाला मी दुकानातून हिरवा झगा आणला. नंबर वीस. लांब बाह्या नव्हत्या, दंड उघडे. हॉलच्या दारात ओरेस्ट आणि मी नवरा-नवरीच्या स्वागताला, आमच्या रिवाजाप्रमाणे, मिठाचा वाडगा आणि लग्नाचा पाव घेऊन उभे राहिलो. गायनमंडळ आत जात होतं. स्टेफ्का म्हणाली, "काय छान दिसतेस!" मी नुसती मान हलवली. आता छान या शब्दाचं मी काय करू, मला कळत नव्हतं.

मागून व्हर्ना आली. ती तशीच पुढे जात होती.

"थांब," मी म्हटलं. "कशी दिसते? खरं सांग."

तिने मला वरपासून खालपर्यंत शिंपिणीच्या नजरेने पाहिलं. "पोट दिसतंय. काखेत जरा काचतोय."

कित्येक वर्षांत तिच्या तोंडून माझ्याबद्दल ऐकलेलं ते पहिलं खरं वाक्य. मला बरं वाटलं. ते मी तिला सांगितलं नाही.

मग वाजंत्री सुरू झाली आणि कालिना नवऱ्याचा हात धरून आली. अंगात आजीचा सदरा, मूळ मापाचा, अंगावर घडवल्यासारखा. तिने पाव मोडला, मिठाला लावला, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि कानाशी म्हणाली, "आई, उजव्या काखेत काहीतरी टोचतंय."

"ती तुझी आजी आहे," मी म्हटलं. "मुद्दाम ठेवलीय. उद्या सदरा उलटा करून बघ, मग सगळं सांगते."

तिने काखेत बोट घालून चाचपलं.

"आणि तो घट्ट व्हायला लागेल ना, तेव्हा व्हर्नाकडे जाऊ नकोस, माझ्याकडे ये. लाल कापडाची पट्टी घालून देईन. बाहेरून दिसेल अशी."