रक्ताचा पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पाण्याचा नव्हे, रक्ताचा. हृदयावर शस्त्रक्रिया करायची, तर ते थोडा वेळ थांबवावं लागतं. तेवढा वेळ हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम मी करत असे.

१९५९ साली मी बोटीतून मुंबईत उतरलो आणि परळच्या एका इस्पितळात आलो. मला चालवायचं कोणी? शल्यविशारद डॉक्टर शरदचंद्र विजयकरांनी लालबागच्या शेवंती परबला निवडलं. गिरणी कामगाराची मुलगी, तिशीच्या आतली नर्स. लोक कुजबुजले, पण डॉक्टर ठाम होते.

सहा महिने ती लाल रंगाचं पाणी माझ्या नळ्यांतून फिरवत शिकली. डॉक्टर बजावायचे, "या टाकीतली रक्ताची पातळी उतरली, तर पंप हवा ओढेल. एक बुडबुडा मेंदूत गेला की खेळ खलास. तेव्हा पंप थांबवायचा. मला विचारत बसायचं नाही."

ते दिवस 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'चे. मोर्चाने बस अडल्या, की शेवंती चालत यायची आणि हात धुऊन थेट माझ्यापाशी उभी राहायची. माझ्या घरघरीतला बारीकसा फरकही तिला कळू लागला. तेवढ्या प्रेमाने मला पुन्हा कोणी ऐकलं नाही.

राज्य झालं, त्याच वर्षी डिसेंबरात आठ वर्षांची उर्मिला आली. गिरगावातली. हृदयाला जन्मापासून छिद्र. जिना चढली की धाप लागायची.

"माझं हृदय बंद असताना मी कुठे असणार?" तिने विचारलं.

शेवंती तिच्या उशाशी बसली. "माझ्यापाशी गं, बाळा."

छिद्र निम्मं शिवून झालं होतं. अचानक माझा आवाज बदलला. टाकीतली पातळी झरझर उतरत होती. शेवंतीने पंप थांबवला, नळीला चिमटा लावला.

"कोणी थांबवलं?" डॉक्टर कडाडले.

"मी, सर. नळीत हवा आहे."

"मुलीला रक्त मिळत नाहीये, सिस्टर!"

"ठाऊक आहे, सर. पण हवा गेली तर ती उठायची नाही."

डॉक्टरांनी नळीकडे पाहिलं. मोहरीएवढा बुडबुडा होता. "सिस्टर सांगतील तसं करा," ते हळूच म्हणाले. तिने हवा काढली, टाकीत रक्त भरलं आणि मला सुरू केलं. दुसऱ्या दिवशी उर्मिलाने डोळे उघडले आणि चहा मागितला.

पुढे शेवंतीने अकरा नर्सना शिकवलं. मग नवी यंत्रं आली आणि मी जिन्याखालच्या खोलीत गेलो. माझ्या रबरी नळ्या तडकल्या. गेल्या वर्षी मला पुसून काचेच्या कपाटात ठेवलं. पाटीवर डॉक्टरांचं नाव आहे, देणगीदारांचंही आहे. तिचं नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ जरूर पुसा. पण त्याआधी एवढं विचारा, "हे चालवत कोण होतं?"