पुदिन्याचं पोतं

काष्ठौषधींच्या त्या दुकानात थोरल्या जाऊबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पोत्यात हात घालायचा, मूठ नाकाशी न्यायची आणि माल ठेवायचा की परत, ते तिथल्या तिथे सांगून टाकायचं. व्यापारी टरकून असायचे. धाकट्या जावेनं कधी मूठ उचललीच, तर "राहू दे, तुला काय कळतंय त्यातलं?" हे ठरलेलं.

आणि बघा, नेमका ह्याच बाईंना वास येईनासा झाला! मोठा ताप येऊन गेला, त्यानंतर ओवा काय नि सुंठ काय, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कदाचित नाहीही येणार. बाईंनी घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. दुकानातली गादी सोडावी लागेल, ही धास्ती. रंग बघून, पान चुरून त्या कशीबशी वेळ मारून नेत होत्या.

त्या सकाळी व्यापाऱ्यानं वाळलेल्या पुदिन्याचं पोतं उघडलं. वरची पानं हिरवी, कुरकुरीत. बाईंनी मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले. "झकास!" समोर शेजारचे शिंपीकाका उभेच होते. काकू नुकत्या हॉस्पिटलातून घरी आलेल्या, पोट सारखं ढवळायचं. डॉक्टरांना विचारून काका पुदिना न्यायला आले होते. बाईंनी त्याच पोत्यातली पुडी बांधली.

तेवढ्यात धाकटी आतून आली आणि दारातच थबकली. तिचं तोंड असं वेडंवाकडं झालं की बाईंना काय ते कळलं. काकांनी पुडी पिशवीत टाकलीसुद्धा होती.

"काका, द्या ती इकडे." बाईंनी पिशवीत हात घालून पुडी काढूनच घेतली. "मला वास येत नाही हो. तापानंतर गेलाय. हिला बघू द्या."

"बुरशी आहे," धाकटी म्हणाली आणि तिनं पोतं पालथं केलं. तळाचा पाला काळाठिक्कर पडलेला. व्यापाऱ्यानं सगळं गोळा केलं आणि काढता पाय घेतला. धाकटीनं डब्यातला जुना, चांगला पुदिना काकांना बांधून दिला.

काका गेल्यावर बाई गादीवरून उठल्या. "ये, बस. आता तूच सांभाळ."

"बसा हो तुम्ही! तुम्ही पास केलेली खराब पोती तापानंतर परत कुणी पाठवली? मीच. मागच्या दारानं. 'जाऊबाईंनी पुन्हा बघितला, पसंत नाही' असं सांगून."

बाई बघतच राहिल्या. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"दूध करपलं ना, तेव्हापासून. तुम्ही शेगडीशेजारीच बसला होतात."

"अगं भवाने, मग बोलली का नाहीस?"

"ऐकून घेतलं असतं तुम्ही?"

"नसतं," बाई म्हणाल्या, आणि तिचा हात धरून ढसाढसा रडल्या.