उंबऱ्यावरचा सराव

इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत सरांचा क्लास भरायचा. परदेशी निघालेल्यांना व्हिसाच्या मुलाखतीपुरतं इंग्रजी. सर स्वतः कधी टोलनाक्यापलीकडे गेले नव्हते, पण रुबाब असा, की जगाच्या सगळ्या किल्ल्या यांच्याच कमरेला.

शब्द शिकवायची त्यांची रीत होती. खोलीचं दार म्हणजे सरहद्द. बाहेर पडताना ‘एमिग्रेट’ म्हणायचं, आत येताना ‘इमिग्रेट’. पाणी प्यायला गेलात तरी सुटका नाही.

“आणि कामापुरता येऊन-जाऊन असतो, तो मायग्रंट,” सर म्हणाले.

“उंबऱ्यावरच अडकला तो?” दोनदा नकार खाल्लेल्या प्लंबरनं विचारलं.

“तो माझा विद्यार्थी. बसा खाली.”

सगळ्यांना जमलं, एका सूनबाईला जमेना. लग्नातले पाहुणे परतायच्या आत तिचा नवरा नोकरीसाठी परदेशी गेला होता. आता तिचीही मुलाखत ठरली होती. पास झाली की ती त्याच्याकडे जाणार. पण दाराशी आली की हमखास उलटं बोलायची. तिच्या सोबतीला सासूबाई यायच्या, मागच्या बाकावर विणकाम घेऊन. सून चुकली की सुया थांबायच्या. “एमिग्रेट गं बाई, एमिग्रेट!” आम्हाला ही फुकटची करमणूक होती. सून मान खाली घालून परत दारातून जायची.

शेवटच्या दिवशी खोटी मुलाखत. अधिकाऱ्याच्या खुर्चीत सर नेहमी घरचंच माणूस बसवत. म्हणत, “परका वरवरचं विचारतो, घरचा बरोबर वर्मावर बोट ठेवतो.” सासूबाईंनी सुया पिशवीत टाकल्या, पदर सारखा केला आणि खुर्चीत अशा बसल्या, जणू जन्मभर तिथंच बसायची वाट पाहत होत्या.

“नवऱ्याला चहा कसा लागतो?”

“बिनसाखरेचा.”

“उजव्या हातावर कसला डाग?”

“भाजल्याचा. लहानपणचा.”

“राहतो कुठं?”

सूनबाईनं पत्ता सांगितला. रस्ता, इमारत, मजला, एका दमात, तेही इंग्रजीत. प्लंबरनं “वा!” केलं.

“चूक,” सासूबाई म्हणाल्या.

सून हसली. “अहो आई, हाच आहे. मला तोंडपाठ आहे.”

“ते घर सोडलं त्यानं. पावसाच्या आधीच.”

सर हरखले. “बघा! हेच विचारतात! पत्ता ताजा हवा. सूनबाई, नवा लिहून घ्या.”

कुणीतरी टाळी वाजवली, मग आम्ही सगळ्यांनीच वाजवली. सासूबाईंनी एवढा छान खोचक प्रश्न काढला होता. सूनबाईनं वही उघडली नाही.

“मला बोलले नाहीत ते.”

“मला बोलला.”

“नव्या घरी कोण असतं, आई?”

“प्रश्न मी विचारायचे,” सासूबाई म्हणाल्या. आम्ही पुन्हा हसलो. हसणं संपायच्या आत त्यांनी बाकीचंही सांगून टाकलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. “तिथलीच आहे कोणीतरी. त्यानं म्हटलं, आई, तिला क्लासला जाऊ दे, तेवढीच रमेल. मीपण म्हटलं, जाऊ दे. माझंही विणून होतं.”

“मग मुलाखत?”

“देऊन ये की. एवढं शिकलीस.”

सरांनी फळा पुसायला घेतला, कोराच होता. प्लंबर पायातल्या चपलेकडे बघत राहिला. सूनबाईनं वही पिशवीत घातली, पेन घातलं, पेनाचं टोपण बाकाखाली गेलं होतं तेही वाकून शोधलं. मग दाराकडे निघाली.

“शब्द?” सरांच्या तोंडून सवयीनं गेलं.

ती उंबऱ्यावर थांबली. “एमिग्रेट,” म्हणाली आणि जिना उतरली.

पहिल्यांदाच बरोबर.

“आलं बाई एकदाचं,” सासूबाई म्हणाल्या आणि लोकरीचा गुंडा उचलून तिच्यामागे निघाल्या. दारात त्यांनीही शब्द म्हटला. त्यांचा कधीच चुकला नव्हता.